ओढला की तुटला!
इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाचं, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्यात बनायची ती पद्मिनी मोटार तिचीच. बारामती-इंदापूरच्या उन्हात इंजिनाची धग मिळाली, की अशा जुन्या गाडीतल्या वायरी जोडणाऱ्या कपलरचं प्लास्टिक बिस्किटासारखं मोडतं.

असा जोड दुरुस्त करताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या. कपलरमध्ये बारीक स्क्रूड्रायव्हर घालून लगची, म्हणजे वायरीच्या टोकाच्या पत्र्याची, जीभ दाबली की वायर मागून सुटते. तांबं काळं पडलं असेल तर चकचकीत दिसेपर्यंत कापा. नवा लग, सहसा ६.३ मिमीचा, क्रिम्पिंगच्या पक्कडीनंच दाबा. साधी पक्कड नको. वायरी पिळून काळी टेप गुंडाळणारे मिस्त्री अजून भेटतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा. अर्थिंगचा लगही घासा. तो खराब असला की हेडलाइट मंद होतो, आणि खापर उगाच बॅटरीवर फुटतं.