ट्रकचा पगार जास्त की घरचे दिवस? लांबच्या लाईनचा हिशोब असा मांडा

लासलगाव, पिंपळगावातून कांदा भरून दिल्ली, कोलकाता, गुवाहाटीकडे गाड्या निघतात. निफाड, चांदवड, येवला भागातली कितीतरी पोरं या गाड्यांवर आहेत. शेती एक-दोन एकर, त्यामुळे स्टेअरिंगचा पैसा लागतोच. पण घरात वाद होतो तो पगारावरून नाही. "महिन्यातून किती दिवस घरी?" यावरून होतो.

आधी पगाराचा आकडा नीट वाचायला हवा. समजा लांबच्या लाईनला महिना २२ हजार मिळतात आणि ड्रायव्हर तीन दिवस घरी येतो. उरलेले २७ दिवस ढाब्यावर जेवण, चहा, आंघोळ धरून रोज ३०० रुपये गेले, तर ८,१०० रुपये रस्त्यावरच संपतात. हातात राहिले १३,९००. दुसरा ड्रायव्हर नाशिक-मुंबई किंवा जवळच्या एमआयडीसीच्या लाईनला १७ हजारांवर आहे. घरचा डबा असतो, वरखर्च रोज १०० रुपये. २६ दिवसांचे २,६०० वजा केले तर १४,४०० उरतात. म्हणजे कमी पगारवाला पुढे, शिवाय बऱ्याच रात्री घरी.

मात्र मालक जेवणाचा भत्ता वेगळा देत असेल तर हाच हिशोब पार उलटा होतो. तेव्हा लांबच्या लाईनवाल्याचे पूर्ण २२ हजार शिल्लक राहतात. म्हणून गाडीवर चढण्याआधी पहिला प्रश्न "पगार किती" हा नाही, "भत्ता पगारात धरलाय की वेगळा" हा विचारायचा. बरेच जण तो विचारत नाहीत आणि हिशोबाच्या दिवशी भांडण होतं.

ट्रिपवर पैसे घेणाऱ्यांचं गणित वेगळं. लासलगाव ते दिल्ली सुमारे १,२५० किलोमीटर. एकट्या ड्रायव्हरने दिवसाला ३५०-४०० किलोमीटर काढले तर जायला साडेतीन-चार दिवस, यायला तेवढेच. मग महिना जातो कुठे? तो जातो आझादपूर मंडीत गाडी खाली होण्यात आणि त्यानंतर परतीचं भाडं मिळेपर्यंत ट्रान्सपोर्ट नगरात पडून राहण्यात. ट्रिपचे ९ हजार ठरले आणि फेरी १० दिवसांत झाली तर रोज ९०० पडतात. तीच फेरी १४ दिवसांवर गेली तर साधारण ६४०. हे चार दिवस घरचे होते, ते फुकट गेले. गाडी अडकली की मालक पार्टीकडून हॉल्टिंग मागतो. त्यातलं ड्रायव्हरला काय, हे ट्रिप ठरतानाच बोलून घ्यावं. तोंडी नको, व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाकून ठेवली तरी पुढे कामी येते.

घाई कुठे करायची तेही समजायला हवं. ताज्या कांद्याला ई-वे बिल लागत नाही. तिथे घाई असते ती माल खराब होण्याची आणि बाजार पकडण्याची. परतीला कारखान्याचा माल असेल तर ई-वे बिल लागतं आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. दिल्लीहून नाशिकला सात दिवस मिळतात, वाटेत अडकलं तर मुदत वाढवूनही घेता येते. त्यामुळे "बिल संपेल" म्हणून कोणी सलग दोन रात्री जागवत असेल तर बहुतेक वेळा त्यात तथ्य नसतं.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि आठवड्याची सुट्टी लिहिलेली होती. आता तो नव्या कामगार संहितांमध्ये सामावला आहे. पण त्याचा फायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी होता आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच जास्त. तिथे कायदा दाखवून सुट्टी मिळत नाही. २०२५ मध्ये मोठ्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, हे चांगलंच; पण त्याने घरचा एक दिवसही वाढत नाही.

सुट्टी खरी अडते ती उचलीमुळे. लग्न, दवाखाना, बोअर यासाठी मालकाकडून ५० हजार उचलले की "आधी फेड, मग घरी जा" सुरू होतं. पगारातून महिन्याला किती कापायचं ते ठरवून, उरलेल्या रकमेची सही घेत राहिलं तर मालकाचा हात थोडा ढिला राहतो. शक्यतो उचल गटातून किंवा पतसंस्थेतून घ्यावी, मालकाकडून नको.

काही ठिकाणी एका गाडीवर दोन ड्रायव्हर पाळीने ठेवतात: एक दोन फेऱ्या करतो, तेवढ्यात दुसरा घरी. गाडी थांबत नाही म्हणून मालकालाही परवडतं. कमाई अर्थातच कमी होते. पण कांदा लागवड, काढणीच्या दिवसांत माणूस घरी असला तर मजुरी वाचते, ती या हिशोबात धरली पाहिजे. सुट्टी पोळा-दिवाळीलाच मागितली तर सगळेच मागतात. लागवडीची तारीख महिनाभर आधी सांगितलेली मालकाला सोपी जाते.

स्वतःची गाडी घेतली की मोकळीक येईल असं वाटतं. पहिली काही वर्षं तरी उलटंच होतं, हप्त्याची तारीख घरी बसू देत नाही.

आणि लाईनवर निघण्याआधी बँकेत एक काम करून घ्यावं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती विमा संरक्षण मिळतं, वय १८ ते ७०. हप्ता मेअखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो, तेव्हा खात्यात शिल्लक हवी. वारसाचं नाव बरोबर आहे का आणि पासबुक घरात कुठे ठेवलंय, हे बायकोला माहीत असायला हवं.