महाशीर : गळाला लावण्याची आणि सोडण्याची विद्या

गोड्या पाण्यात छंद म्हणून गळ टाकणारे लोक भारतातील ज्या माशाला अग्रमान देतात, तो मासा म्हणजे महाशीर. रोहू आणि कटला यांच्याच कुळातील हा मासा हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांत व दक्षिणेतील डोंगराळ प्रवाहांत राहतो. १९४६ साली म्हैसूरच्या द वेट व्हान इंगेन यांनी कावेरीची उपनदी असलेल्या काबिनीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोग्रॅम वजनाचा महाशीर पकडला. व्हान इंगेन घराणे वन्य प्राण्यांची कातडी भरून त्यांना हुबेहूब रूप देण्याच्या कलेसाठी विख्यात होते. त्या काळी मोठा मासा म्हणजे भिंतीवर लावावयाचे विजयचिन्ह होते. पुढे या छंदाचा अर्थ पालटला. मासा पकडणे ही या विद्येची अर्धी बाजू. तो जिवंत नदीत परत जाणे ही उरलेली अर्धी.

आपल्याकडे या छंदाची परंपरा जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींत मत्स्यविनोदाचाही समावेश आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाची सामग्री यांचा विचार त्यात केलेला आढळतो. इंग्रजी अमलात हेन्री सलिव्हन टॉमस या अधिकाऱ्याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि महाशीराची कीर्ती दूरवर पोहोचली.

मोठा मासा मिळवावयाचा तर प्रथम त्याचे शरीर व सवयी जाणल्या पाहिजेत. महाशीराच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात. जाड ओठांनी भक्ष्य आत ओढून तो ते घशातील दातांनी चिरडतो. खेकडे, शिंपले, लहान मासे, किडे, शेवाळ, काठच्या झाडांवरून पडणारी उंबरे असे सर्व काही त्याला चालते. त्याला वाहते, स्वच्छ आणि प्राणवायूने समृद्ध पाणी लागते. म्हणून तो जेथे खळाळ संपून डोह सुरू होतो तेथे, मोठ्या खडकांच्या आडोशाला किंवा दोन प्रवाहांच्या संगमावर आढळतो. बर्फाच्या थंड, गढूळ पाण्याला झऱ्यांवर पोसलेली निवळ उपनदी जेथे मिळते, ती जागा हिमालयात विशेष फलदायी मानली जाते. पावसाळ्यात हे मासे अंडी घालण्यासाठी अशाच उपनद्यांतून वर चढतात.

आमिषाची निवड नदीवर अवलंबून असते. हिमालयाच्या वेगवान पाण्यात चमच्याच्या आकाराची धातूची चकती किंवा लाकडी नकली मासा प्रवाहात आडवा ओढतात. त्याची चमक पाहून महाशीर झडप घालतो. कावेरीच्या संथ, खोल डोहांत मात्र नाचणीच्या पिठाचा गोळा अधिक उपयोगी पडतो. पीठ मळून, शिजवून घट्ट केले म्हणजे लहान मासे गोळा सहज कुरतडू शकत नाहीत. या गोळ्यात गळ लपवावयाचा, शिशाच्या वजनाने तो तळाशी बसवावयाचा आणि दोरावर बोट ठेवून स्वस्थ बसावयाचे. दोराला लागलेला प्रत्येक हिसका मोठ्या माशाचाच असतो असे नाही. ही पारख अनुभवानेच येते.

गळ लागताच महाशीर प्रवाहाबरोबर सुसाट पळतो. या पहिल्या धावेत दोर अडवून धरणे म्हणजे तो तुटण्याला निमंत्रण देणे होय. रिळावर भरपूर दोर असावा, रिळाचा अटकाव बेताचा असावा आणि काठी उंच धरून तिच्या लवचिकपणावर ताण घ्यावा. धाव संपली की मासा पुष्कळदा खडकाआड तळाशी दडी मारतो. अशा वेळी काठावरून पुढेमागे जाऊन ओढण्याची दिशा बदलावी. जागचे हलू नये हा नवशिक्यांचा हट्ट येथे नडतो.

पूर्वी बारीक दोरावर मोठा मासा तासन्‌तास खेळवण्यात कौशल्य मानीत. आज मजबूत दोर व भक्कम काठी वापरून झुंज शक्य तितक्या लवकर संपवणे हेच कौशल्य होय. दीर्घ झुंजीने माशाच्या स्नायूंत आम्ल साठते, तो थकून जातो आणि सोडल्यावरही दगावू शकतो. उष्ण दिवसांत पाण्यात प्राणवायू कमी असल्याने हा धोका अधिक वाढतो. म्हणून उलटा काटा नसलेला एकच गळ वापरावा, मासा पाण्यातच ठेवून गळ काढावा आणि त्याला ओल्या हातांनीच धरावे. कल्ल्यांत बोटे घालून तो टांगू नये. छायाचित्र घ्यावयाचे तर क्षणभरच उचलावा. शेवटी त्याचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला आधार द्यावा आणि तो आपल्या बळावर निघून जाईपर्यंत थांबावे.

एवढी काळजी घेण्याचे कारण स्पष्ट आहे. सर्वांत मोठे महाशीर बहुधा माद्या असतात, आणि मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी अधिक. अशी एक मादी वाढण्यास अनेक वर्षे लागतात. विजयचिन्ह म्हणून नेमकी तीच काढून नेली तर नदीची पुढची पिढीच हिरावली जाते.

कावेरीची कथा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोणावळ्याजवळील वळवण येथे कृत्रिम प्रजननाने महाशीराची पिल्ले तयार होऊ लागली आणि निरनिराळ्या राज्यांत पाठवली गेली. दख्खनचा हा निळ्या परांचा महाशीर कावेरीतही सोडण्यात आला. पुढे तेथील एका छावणीवर १९९८ ते २०१२ या काळात पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. माशांची संख्या वाढली होती, पण त्यांचे सरासरी वजन घटले होते. आणि कावेरीचा मूळचा, पाठीवर वशिंड असलेला प्रचंड महाशीर जवळजवळ दिसेनासा झाला होता. ज्याने नदीला कीर्ती मिळवून दिली, त्या माशाला तोवर निश्चित शास्त्रीय नावही नव्हते. २०१८ साली तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे निश्चित झाले आणि त्याच वर्षी त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली.

२०१२ च्या सुमारास अभयारण्याच्या हद्दीतील गळाची मासेमारी कायद्यान्वये बंद झाली. वन्य जीवांना अभयारण्यात त्रास होऊ नये, हा त्यामागील विचार होता. मात्र या छावण्यांतील स्थानिक रखवालदार सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवर नजर ठेवीत असत. ती नजर आणि नोंदींची ती वही, दोन्ही एकदमच थांबली. रक्षणाचा मार्ग कोणता, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. परंतु छंदासाठी लिहिलेल्या वजनांच्या त्या नोंदींनीच एका माशाचा ऱ्हास उघडकीस आणला, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. म्हणून जेथे परवानगीने गळ टाकता येतो, तेथे माशाची जात, वजन, जागा आणि दिनांक टिपून ठेवणे हाही या विद्येचाच भाग समजावा.