न मिटलेल्या कंसाची बातमी

पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिताना कंस उघडला की तो मिटवावा लागतो. विसरलात तर प्रोग्रॅम अडतो, हे ओघानेच आलं. पण २०२१ पर्यंत पायथन अडायचा तो भलत्याच जागी. कंस पहिल्या ओळीत उघडा राहिलेला असायचा आणि खूण उमटायची तिसऱ्या ओळीवर, जिचा काहीच दोष नाही. संदेश काय, तर ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’. नवशिका त्या निर्दोष ओळीत चूक शोधत बसायचा.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी पायथनची ३.१० ही आवृत्ती आली आणि हे दुखणं गेलं. तिच्यासोबत ‘व्हॉट्स न्यू’ नावाची रिलीज नोटही आली. त्यात हा बदल कसा सांगितलाय, ते मुद्दाम पाहावं. आधी एका वाक्यात बदल सांगितलाय. मग छोटासा नमुना प्रोग्रॅम: आकड्यांची लांबलचक यादी, सुरुवातीला महिरपी कंस, शेवटी काहीच नाही. त्याखाली जुना पायथन काय म्हणायचा ते आणि त्याखाली नवा काय म्हणतो ते. आता खूण नेमकी त्या कंसाखाली आहे आणि संदेश सांगतो, हा कंस मिटलेलाच नाही. वाचणाऱ्याला आपलाच पडदा आधी आणि नंतर कसा दिसेल, ते एकाखाली एक दिसतं. शेवटी काम करणाऱ्यांची नावं आहेत आणि ‘पायपाय’ या भावंड प्रकल्पातल्या कामावरून ही सुधारणा सुचली, हेही मोकळेपणाने नोंदवलंय.

याच्यामागे केवढं काम होतं! आदल्या वर्षी, ३.९ मध्ये, प्रोग्रॅम वाचून त्याची रचना समजून घेणारा पायथनचा पार्सरच बदलला गेला. एवढी मोठी उलथापालथ, पण तेव्हाची नोट ती अवघ्या काही वाक्यांत सांगते: नवा पार्सर आलाय, वेग साधारण तोच आहे, तो अधिक लवचिक आहे आणि या लवचिकपणाचा उपयोग ३.१० पासून दिसू लागेल. याउलट कंसाच्या संदेशाला पुढच्या वर्षी नमुन्यासकट ऐसपैस जागा मिळाली. लेखकाला किती कष्ट पडले यावर मजकुराची लांबी ठरली नाही. वापरणाऱ्याला काय जाणवेल, यावर ठरली.

मग बाकीचे असंख्य बदल जातात कुठे? त्यांच्यासाठी वेगळा चेंजलॉग असतो. त्यात बारीकसारीक दुरुस्त्याही नोंदवलेल्या असतात. ‘व्हॉट्स न्यू’च्या मूळ फाइलमध्ये, वाचकाला न दिसणाऱ्या भागात, लिहिणाऱ्यांसाठी सूचना आहेत: संपूर्ण यादी देणं हे या दस्तऐवजाचं काम नाही आणि फार किरकोळ बदल इथे येणार नाहीत. शिवाय तुमचा मजकूर बहुधा पुन्हा लिहिला जाईल, तेव्हा शब्दांवर फार वेळ घालवू नका! म्हणजे नोंद कोणीही करावी, पण शेवटी कोणीतरी ती वाचकाच्या बाजूने बसून लिहितो. यादीतून निवडणं, जुळवणं आणि गाळणं ही खरी कारागिरी.

आकडे सांगतानाही हाच कस लागतो. ३.११ ची नोट नुसतं ‘वेग वाढला’ म्हणून थांबत नाही. वेग १० ते ६० टक्के वाढलाय आणि ठरावीक चाचणीसंचावर सरासरी १.२५ पट मोजलाय, असं ती सांगते. कशावर मोजलं ते कळलं की आपल्या कामाला किती फरक पडेल, याचा अंदाज बांधता येतो.

वाईट बातमी तर वेळेवरच सांगावी लागते. ‘डिस्टयूटिल्स’ हे जुनं पॅकेज ३.१२ मध्ये काढलं जाईल, हे ३.१० च्या नोटमध्ये पर्यायांसकट सांगितलं होतं. ते प्रत्यक्ष गेलं ऑक्टोबर २०२३ मध्ये. स्थलांतराला दोन वर्षं मिळाली, ती त्या छोट्या परिच्छेदामुळे.

फोनवरच्या ॲपबरोबर येणारी ‘बग फिक्सेस’ ही दोन शब्दांची ओळ यातलं काहीच देऊ शकत नाही. तुमचा प्रकल्प केवढाही असो, नोट लिहायला बसताना प्रत्येक बदलापुढे दोनच गोष्टी मांडून पाहा: वापरणाऱ्याला काल काय दिसत होतं आणि आज काय दिसेल. दोन्ही लिहिता आल्या तर तो बदल नोटमध्ये जाईल. लिहिता आल्या नाहीत आणि वापरणाऱ्याला पुढची तयारीही करायची नसेल, तर त्याची जागा चेंजलॉगमध्ये.