यकृताच्या गडाचा चोरदरवाजा

राजगडावर जायच्या वाटा अनेक. भोरकडच्या भुतोंडे गावाहून निघालात तर अळू दरवाजा लागेल. वेल्ह्याकडच्या गुंजवण्याहून चढलात तर दम खात खात चोरदरवाज्यातून थेट पद्मावती माचीवर! पण वाट ठाऊक नसेल, तर सारा डोंगर म्हणजे नुसता कडाच. यकृताच्या कर्करोगापुढे डॉक्टर मंडळी कित्येक वर्षे अशीच कड्याखाली उभी होती.

गाठ लहान असताना सापडली, तर ती कापून काढता येते. पण यकृत मोठे सोशिक; ते कुरकुरू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. नेहमीची कर्करोगाची औषधेही येथे फारशी लागू पडत नसत.

मग संशोधकांनी दरवाजे शोधायला घेतले. हे दरवाजे म्हणजे प्रथिने. पेशीच्या अंगावरची काही प्रथिने बाहेरचा निरोप घेतात आणि आतली प्रथिने तो हातोहात पुढे पोचवतात : ‘वाढा, दुप्पट व्हा!’ कर्करोगात हा निरोप थांबतच नाही. शिवाय गाठ जवळच्या रक्तवाहिन्यांना नव्या फांद्या फोडायला लावून आपली रसद वाढवते. सोराफेनिब हे औषध दोन्हीकडे आडवे येते : आतल्या ‘राफ’ प्रथिनांना रोखते आणि रसदही तोडते. ६०२ रुग्णांवरील त्याची चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. औषधाविना रुग्णांचे मध्यम आयुष्य ७.९ महिने भरले, औषधाने १०.७. जेमतेम पावणेतीन महिने! पण ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याला विचारा.

दरवाजा सापडला, पण त्यावर जकात केवढी! महिन्याच्या १२० गोळ्यांना बायर कंपनीची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपये. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयात नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध करण्याचा सक्तीचा परवाना दिला; किमतीची मर्यादा ८,८८० रुपये. असा परवाना भारतात पहिलाच. बायर अपिलात गेली, परंतु २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

शोध तेथे थांबलेला नाही. शरीराच्या शिपायांना गप्प बसवणारे एक प्रथिन गाठ वापरते. त्याला अडवणारे औषध आणि रसद तोडणारे औषध अशी जोडी २०२० साली सोराफेनिबहून सरस ठरली. आता ग्लिपिकन-३ या प्रथिनावर पुष्कळांची नजर आहे. निरोगी प्रौढ यकृतात ते जवळजवळ नसते, गाठीवर मात्र पुष्कळदा भरपूर. त्या खुणेने नेमकी गाठच गाठणारी औषधे करण्याची खटपट सध्या चालू आहे.