पेरुंगुडीची गाडी, चाकणची खेप

चेन्नईतल्या पेरुंगुडीत पार्सलं पोचवणाऱ्या ड्रायव्हरचा दिवस जवळून पाहिला, की त्यात गाडी चालवणं किती थोडं असतं ते कळतं. राजीव गांधी सालैवर मेट्रोच्या कामाचे पत्रे, सर्व्हिस रोडला दुचाक्यांची दाटी, आत वळावं तर गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारी लावलेल्या. इंजिन दोन मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद. उरलेला वेळ आयटी पार्कच्या गेटवर जातो. रजिस्टरमध्ये नाव लिहा, मालाच्या लिफ्टची वाट बघा, ओटीपीसाठी मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाला तिसऱ्यांदा फोन करा.

मी ज्याच्या शेजारी बसून हे बघितलं तो पोरगा खानापूर तालुक्यातला, विट्याच्या बाजूचा. तिकडची माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. त्याचे मामाही त्याच धंद्यात चेन्नईला आले आणि भाच्याला घेऊन आले. भाच्याचं मन काही मुशीत आणि ॲसिडात रमलं नाही. तो टाटा एसवर बसला. आपण हिला छोटा हत्ती म्हणतो, तमिळ माणूस कुट्टी यानै म्हणतो. २००५ साली पुण्यात तयार झालेल्या या गाडीने गल्लीबोळांतली मालवाहतूक पार बदलून टाकली. तमिळ त्याला शिकवली ती पेरुंगुडीच्या वॉचमननी, त्यामुळे त्याच्या बोलण्यात विनवण्या भरपूर आणि व्याकरण बेताचं.

मग त्याने मोठी गाडी धरायचं ठरवलं. कारण साधं होतं. इथे पैसे पार्सलामागे मिळायचे, आणि पार्सल परत आलं तर तेही नाहीत.

टाटा एसला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. ७५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. दहा चाकी गाडीला मात्र जड वाहनाचं लायसन्स हवंच. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली, तेव्हा शाळेचा दाखला शोधावा लागला नाही. लायसन्स हातात आलं तरी स्टिअरिंग हातात येत नाही, ही या धंद्यातली रीत. आधी जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी ‘सेकंड’ म्हणून बसायचं. त्याला मिळाले ते धर्मपुरीकडचे, पन्नाशी ओलांडलेले. तो त्यांना अण्णा म्हणतो. गाडी चेन्नईजवळच्या ओरगडमहून मोटारींचे सुटे भाग घेऊन चाकणला जाणार होती. अंतर सुमारे बाराशे किलोमीटर. मी कराडपर्यंत सोबत गेलो.

अण्णांचा पहिला धडा गाडी सुरू व्हायच्या आधीचा. टॉमी घेऊन प्रत्येक टायरवर ठोका मारायचा आणि आवाज ऐकायचा. जोडचाकातलं आतलं टायर बसलेलं असलं तरी बाहेरून दिसत नाही, पण ठोका बद्द वाजतो. दुसरा धडा हवेचा. या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीत दाब भरेपर्यंत बझर ओरडत राहतो, आणि तोवर गाडी हलवायची नाही. छोट्या हत्तीवर किल्ली फिरवली की निघायची सवय झालेल्या पायाला ही उसंत सोसत नाही. पोरगा दोनदा पुटपुटला. अण्णांनी बिडी पेटवली.

तिसरा धडा वळणाचा. मोठ्या ट्रकमध्ये ड्रायव्हर पुढच्या चाकांच्याही पुढे बसतो. त्यामुळे कोपरा स्वतः ओलांडून गेल्यावर मग स्टिअरिंग फिरवायचं, आणि मागची चाकं आतून कापत येतात म्हणून डावा आरसा सोडायचा नाही. पेरुंगुडीत पोरगा आरशातच बघून जगत होता, तेव्हा हे त्याला लवकर जमलं.

जमायला वेळ लागला तो वजनाचा हिशेब. छोटा हत्ती मालासकट दीड टनाच्या आसपास, ही गाडी अठ्ठावीस टनांची. कृष्णगिरी सोडून होसूरकडे चढताना गिअर खाली घ्यायला तो जरा चुकला आणि गाडीचा जीव गेला. दहा चाकं पुन्हा वेगात यायला किती वेळ लागतो, ते मागच्या हॉर्नांनी त्याला सांगितलं. चढ निदान अब्रूवर निभावतो. उतार तसा नाही. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक लावायचा आणि पायातला ब्रेक राखून ठेवायचा, असं अण्णा पुन्हा पुन्हा बजावत होते. सारखा ब्रेक दाबला की लायनर तापतात आणि धरेनासे होतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे अजून आहेत. इंजिन बंद करणारे तर महाभागच, कारण हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. त्यातून वाचतं काय? नव्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल आपोआप तुटतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळत राहतं. चाकणला जायचं म्हणजे खंबाटकीच्या बोगद्यानंतरचं एस वळण आणि नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, दोन्ही वाटेतच. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या उतारावर एका ट्रकने एकामागून एक अनेक गाड्या ठोकल्या. अण्णांना पुण्यातलं दुसरं काही माहीत नाही, पण नवले पूल माहीत आहे.

लांबचा ड्रायव्हर म्हणजे सतत चालणारा, अशी माझी कल्पना होती. ती अर्धीच खरी निघाली. जीएसटी आल्यापासून राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके गेले, टोलवर फास्टॅग आला, तेव्हा रस्त्यावरचं थांबणं कमी झालं हे खरं. मालासोबत लागणाऱ्या ई-वे बिलाला दर दोनशे किलोमीटरला एक दिवस धरतात, म्हणजे या खेपेला सहा दिवसांची मुदत. पण भरायला आणि उतरवायला गाडी जी उभी राहते तिचा हिशेब कुठल्याच बिलात नसतो. ओरगडमला आम्ही संध्याकाळी लागलो, माल दुसऱ्या दिवशी दुपारनंतर भरला. मालकाचं घड्याळ गाडी निघाल्यापासून चालतं. मोटार परिवहन कामगारांसाठी आठ तासांच्या दिवसाचा कायदा १९६१ मध्येच झाला. तो अण्णांना सांगितला तेव्हा ते हसलेसुद्धा नाहीत, नुसतं ‘बरं’ म्हणाले.

पैशांची रीतही निराळी. पगार थोडका, खरी कमाई खेपेच्या भत्त्याची. निघताना हातात ॲडव्हान्स येतो. त्यात जेवण, पंक्चर, ताडपत्रीचा दोर, वजनकाटा आणि ज्यांची पावती मिळत नाही असे खर्च. उरेल ते आपलं. त्यामुळे ढाब्यावर भात की चपाती हाही धंद्याचाच प्रश्न होतो. भत्त्याचे दोन वाटे अण्णांचे, एक सेकंडचा.

पेरुंगुडीची विद्या उपयोगी पडली ती अनपेक्षित जागी. कारखान्याच्या गेटवर अण्णा अवघडतात. फोनवर बिल उघडा, सेफ्टी बूट दाखवा, अमुक साहेबांना फोन करा, क्यूआर कोड स्कॅन करा. पोरगा मात्र तिथे घरच्यासारखा वावरतो. रांगेतल्या वॉचमनला नेमक्या कुठल्या सुरात ‘अण्णा’ म्हणायचं, आणि कुठला कागद वर ठेवायचा, हे त्याला न सांगता कळतं. एका गेटवर त्याने रांगेतला आमचा नंबर बराच पुढे आणला. आता कागदांची पिशवी त्याच्याचकडे असते आणि तेवढ्या वेळात अण्णा केबिनमध्ये आडवे होतात. वाटे मात्र अजून दोनास एक असेच आहेत, आणि चाकणहून परतल्यावर तो विषय काढायचा, असं त्याने मला कराडला उतरवताना सांगितलं.