सतरा इंची मोह

दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन विकलं जातं आणि वर्ध्याच्या शोरूममधून निघालेल्या गाड्यांना हार चढतात. वर्ध्याला खेटूनच असलेल्या बोरगाव मेघेत पोर्शे कुणी घेत नाही. पण स्विफ्ट, बलेनो नाहीतर आय-ट्वेंटी घेणाऱ्या विशीतल्या पोराच्या डोक्यात स्पोर्ट्स कार असतेच. गाडीचा नवा वास जायच्या आत प्रश्न येतो, "भाऊ, सतरा इंची अलॉय टाकू का?" विचारणाऱ्याचं लक्ष रिमकडे असतं. उत्तर मात्र टायरपासून द्यावं लागतं.

स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ हा टायर येतो. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के इतकी टायरच्या बाजूची उंची, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी ही खिचडी जगभर शिजते आणि कुणाला तिचं काही वाटत नाही.

आता बेरीज करू. बाजूची उंची दोनदा आणि त्यात रिम: २४०.५ अधिक ३८१, म्हणजे चाकाची एकूण उंची ६२१ मिलिमीटरच्या थोडी वर. याच स्विफ्टच्या स्वस्त मॉडेलला १६५/८० आर १४ टायर असतो. त्याची बेरीज येते ६१९.६. बलेनो आणि आय-ट्वेंटीच्या महागड्या मॉडेलांना १९५/५५ आर १६ मिळतो, त्याची ६२०.९. रिम १४, १५, १६ अशी वाढत गेली, पण चाकाची उंची जवळपास तीच राहिली. सगळी मेख इथे आहे. रिम जेवढी मोठी होते, तेवढं रबर कमी होतं. बाहेरची उंची बदलली की स्पीडोमीटर, गिअरचं गणित आणि एबीएसचा हिशेब, तिन्ही बिघडतात.

ती कशी बदलते? समजा कुणी १५ इंची रिमवरच "जरा भरीव दिसावा" म्हणून २०५/६५ चा टायर चढवला. उंची ६४७ वर गेली, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. मीटर पूर्वी अचूक असेल, तर आता तो १२० दाखवताना गाडी १२५ ने पळत असते. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे. ती ओलांडल्याचं चालवणाऱ्याला कळतही नाही.

मोठी रिम म्हणजे जास्त वेग, हा समज कुठून आला कोण जाणे. फॉर्म्युला वन जगातल्या सगळ्यात वेगवान शर्यतींपैकी एक, आणि २०२१ पर्यंत तिथल्या गाड्या १३ इंची रिमवर धावत होत्या. १८ इंची रिम आली २०२२ मध्ये. पोर्शे ९११ जगासमोर आली १९६३ साली, तेव्हा तिला १५ इंची रिम आणि १६५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. आपल्या स्वस्त स्विफ्टइतकेच रुंद! आजच्या ९११ कॅरेराला पुढे २३५/४० आर १९ आणि मागे २९५/३५ आर २० लागतात. त्यामागे कारणं आहेत. ताकद वाढली, तशी ब्रेकची डिस्क मोठी झाली आणि ती मावायला रिम मोठी करावी लागली. इंजिन मागे, वजन मागे, म्हणून मागचे टायर रुंद. स्विफ्टचं इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढचीच. तिच्या मागे रुंद टायर लावणं ही निव्वळ हौस.

या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर खुद्द सुझुकीने देऊन ठेवलंय. स्विफ्ट स्पोर्ट ही गाडी भारतात विकली गेली नाही, पण जपान-युरोपात ती नावाजलेली आहे. तिला कंपनीने १९५/४५ आर १७ हे टायर दिले. १७ इंची रिम दिली खरी, पण रुंदी बघा, १९५ च. आपल्याकडे १७ इंची रिम आली की २०५ नाहीतर २१५ टायर पाहिजेच असतो. रस्त्याला टेकणाऱ्या रबराचं क्षेत्रफळ ढोबळमानाने गाडीचं वजन आणि आतली हवा ठरवते. टायर रुंद केला की त्या ठशाचा आकार बदलतो, तो आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. कोरड्या वळणावर याचा फायदा होतो. साचलेल्या पाण्यावर मात्र रुंद टायर लवकर तरंगतो. शिवाय जड रिम फिरवायला इंजिनाला जोर लागतो, थांबवायला ब्रेकला, आणि खड्ड्यातून वर-खाली करताना शॉकअपला. सुझुकीने स्पोर्टचं सस्पेन्शन त्या चाकांसाठी वेगळं बांधलं होतं. आपण नुसती रिम बदलतो.

त्यात आपली जमीन. काळी कपाशीची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता काही वर्षांत लाटांसारखा होतो. १८५/६५ च्या टायरला धक्का पचवायला १२० मिलिमीटरची बाजू आहे. १९५/४५ ला उरते ८८. खड्ड्याच्या काठावर ती रिम आणि डांबराच्या मध्ये चिरडते, आतले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो काढून टाकायचा. वजनाचा आकडाही वाचावा. १८५/६५ आर १५ वर बहुधा ८८ छापलेलं असतं, म्हणजे एका टायरला ५६० किलो. १९५/४५ आर १७ वर ८१ सापडेल, म्हणजे ४६२ किलो. त्याच्या शेजारचं अक्षर वेगाचं: एस १८०, एच २१०, व्ही २४०.

नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि वर्धेकरांच्या हाताशी सलग वेगाचा रस्ता आला. टायर फुटण्याची चर्चाही तेव्हापासून वाढली. माझ्या मते आकारापेक्षा हवेची चूक मोठी आहे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा "उन्हाळा आहे, हवा कमी ठेवा" हा सल्ला घरोघरी मिळतो. तो उलटा आहे. २५ अंशांवर भरलेली ३३ हवा टायर ६० अंशांपर्यंत तापला की ३८-३९ होते, आणि हे कंपनीने आधीच धरलेलं असतं. हवा कमी असेल तर टायरची बाजू दर फेरीला जास्त वाकते, वाकून तापते आणि तापूनच फाटते. नायट्रोजनवर फार विसंबू नये. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

रिम घेताना बोल्टची मांडणी जुळते का, एवढंच बहुतेक जण बघतात. स्विफ्ट-बलेनोला चार बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. पण मधलं भोक हबच्या ५४.१ मिलिमीटरवर घट्ट बसलं पाहिजे, नाहीतर बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरतं. रिम कितपत बाहेर येते हे ऑफसेट ठरवतो. तो चुकला की टायर मडगार्डला घासतो आणि बेअरिंग लवकर जातं.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. गोटा झालेल्या टायरवर समृद्धीला जाऊच नये.

तेव्हा बलेनो-आय-ट्वेंटीवाल्यांनी कंपनीचीच १६ इंची रिम आणि १९५/५५ चा टायर खुशाल घ्यावा. स्विफ्टवाल्यांनी १५ इंचीवरच राहावं आणि रिमचे पैसे त्याच मापाच्या, ओल्या रस्त्यावर पकड चांगली असलेल्या टायरवर घालावेत. टायरवरचे चार आकडे दुकानातच वाचा: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. हवा किती भरायची ते चालकाच्या दारालगतच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. ती सकाळी, गाडी थंड असताना मोजा, आणि स्टेपनीचीही.