बेस गिटार: घ्यायचा कसा, लावायचा कसा, आणि विदर्भाच्या उन्हात टिकवायचा कसा

या भागात मापं आणि आकडे बरेच आलेत, म्हणून अनेकांनी लेखी मागितलं. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे कसं आहे ना" तेवढे कापलेत.

आधी एक गोंधळ मिटवू. आमच्या केळझरकडे "बेस" म्हटलं की डीजेचा बेस. वरातीत छातीत धडधडतो, टिनाचं छत हलवतो, तो. आपला विषय आहे बेस गिटार, चार जाड तारांचं वाद्य. साध्या गिटारच्या वरच्या चार तारा, म्हणजे इ, ए, डी, जी, याच इथे असतात, पण एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात.

हे तुम्ही फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर ती ४१ हर्ट्झ तुमच्यापर्यंत पोचतच नाही. एवढासा स्पीकर तेवढी हवा हलवू शकत नाही. तरी आपल्याला सूर कळतो, कारण त्या तारेतून ८२, १२३, १६५ असे वरचे सूरही निघत असतात आणि त्यावरून मेंदू खालचा सूर स्वतःच जुळवून घेतो. म्हणून एकदा चांगले इअरफोन लावा आणि आर. डी. बर्मनची सत्तरच्या दशकातली गाणी ऐका. त्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. किंवा आजची मुंबईची मोहिनी डे ऐका. मग लक्षात येतं की तबला-ड्रम आणि गाणारा गळा यांच्या मधली जागा कोण भरतंय. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात ही जागा बहुतेक वेळा कीबोर्डवाल्याचा डावा हात भरतो. म्हणजे जागा आहे, माणूस नाही. ज्यांना बँडमध्ये शिरायचंय त्यांनी याची नोंद घ्यावी.

आता खरेदी. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि १९६० मध्ये जॅझ बेस. आज पंधरा हजाराचा बेस घ्या की दोन लाखांचा, आकार आणि रचना बहुतेक या दोघांचीच असते. तारेची वाजणारी लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. हात लहान असतील तर ३० इंची शॉर्ट स्केल मिळतो. पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर त्याच जातीचा, तेव्हा कोणी "हा पोरांचा आहे" म्हटलं तर मनावर घेऊ नका.

नवशिक्यासाठी साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत यामाहा, आयबानेझ, स्क्वायर, कोर्ट यांचे सुरुवातीचे मॉडेल येतात आणि ते खरोखर चांगले असतात. फारच स्वस्तातल्या वाद्यांत नशिबाचा भाग जास्त. पण माझं स्पष्ट मत असं की ब्रँडवर डोकं खाजवण्यापेक्षा बजेटमधले दोन-अडीच हजार बाजूला ठेवा. एक तारांचा सेट, एक रुंद पट्टा आणि थोडी अवजारं यांच्यासाठी. बेस चार किलोच्या आसपास भरतो, अरुंद पट्ट्याने तासाभरात खांदा बोलायला लागतो.

अॅक्टिव्ह की पॅसिव्ह, हा प्रश्न नेहमी येतो. अॅक्टिव्हमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि जॅकमध्ये केबल खुपसलेली असेपर्यंत ती खर्च होत राहते. केबल नेहमी तशीच राहिली की बॅटरी फुकटच संपत जाते. गावात रात्री आठला कार्यक्रमाआधी नऊ व्होल्टची बॅटरी शोधून बघा एकदा! पहिला बेस पॅसिव्ह घ्या, असं मी सांगेन.

दुकानात बघायला मिळाला, मग तो नागपूरला असो की मुंबईत धोबी तलावला, तर अॅम्प सुरू करायच्या आधी हे करा. बेस बंदुकीसारखा धरून नेकवरून एक डोळा मिटून बघा, नेक पिळवटलेली नको. सरळपणा कमी-जास्त असेल तर लावता येतो, पीळ मात्र घरी निघत नाही. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, लाज वाटू देऊ नका. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर मरतो का ते ऐका. फेंडरच्या घराण्यातल्या बेसमध्ये हे बऱ्याचदा सापडतं, थोडं असेल तर चालतं. शेवटी अॅम्पवर नॉब फिरवून खरखर ऐका. खरखरणारा नॉब साफ करता येतो, पण त्यावर भाव नक्की कमी करून मागता येतो. जुना घेत असाल तर ट्रस रॉडचा नट फिरतो का, हे विकणाऱ्याला तुमच्यासमोर फिरवून दाखवायला सांगा. तो म्हणाला "कशाला फिरवता, चांगलंच आहे ना", तर घरी परत या.

ऑनलाइन मागवलात तरी हरकत नाही. पण खोक्यातून निघालेला बेस वाजवायला तयार आहे असं समजू नका. कारखाना वेगळ्या देशात, गोदाम वेगळ्या शहरात, आणि तुमची खोली वर्धा जिल्ह्यात. तारा बहुतेक वेळा उंच बसवलेल्या असतात. नवीन पोरगं दोन आठवडे बोटं सोलून घेतं, म्हणतं माझ्या बोटांत जोर नाही, आणि वाद्य कपाटावर जातं. बोटं ठीक असतात, तारा फ्रेटपासून चार मिलिमीटर वर असतात. यासाठीच सेटअप शिकायचा.

बेसच्या चार तारा मिळून नेकला साधारण ७५-८० किलोच्या जोराने ओढतात. त्या ओढीने नेक धनुष्यासारखी पुढे वाकू नये म्हणून आत लोखंडी सळई असते, ती ट्रस रॉड. नेक एकदम सरळही नको. तार मधोमध जास्त हलते, तिला जागा लागते, म्हणून अगदी थोडा बाक ठेवतात.

तो मोजायचा असा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा किंवा डाव्या बोटाने दाबा. नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर उजव्या हाताने तीच तार दाबा. आता तार ही तुमची सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. मोजायला महागडं काही नको. दुचाकीचा मेकॅनिक टॅपेट सेट करायला जो फिलर गेज वापरतो ना, पात्यांचा जुडगा, तोच. ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतो. त्यातलं ०.३० चं पातं घ्या.

फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने घट्ट, कमी असेल तर उलट सैल. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. फिरवल्यावर तार पुन्हा सुरात लावा, मग मोजा, आणि जमलं तर एक रात्र जाऊ द्या, लाकूड निवांत हलतं. पाना बरोबर मापाचाच हवा. काही बेसला मिलिमीटरची एल-की लागते, काहींना इंचाची, आणि "जवळपास बसते" असली एल-की नटची धार खाऊन टाकते. नट फिरतच नसेल तर जोर लावू नका. ते काम जाणत्या माणसाचं.

क्रम महत्त्वाचा आहे: नवीन तारा आणि ट्यूनिंग, मग नेकचा बाक, मग तारांची उंची, सगळ्यात शेवटी इंटोनेशन. कारण आधीचं बदललं की पुढचं आपोआप बदलतं, मागे मात्र फारसा फरक पडत नाही. कोड डीबग करणाऱ्यांना सांगायला नको, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तपासा.

उंची बाराव्या फ्रेटवर मोजा. जाड इ तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर, बारीक जी खाली दोन. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली सॅडल असतं, त्याचे बारीक स्क्रू फिरवून तार वर-खाली होते. खाली आणत आणत फर्रर्र आवाज यायला लागला की थोडं वर. अॅम्पमधून ऐकू येत नसेल एवढी खरखर मी चालवून घेतो.

इंटोनेशन म्हणजे काय, तर तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. सॅडल पुढे-मागे करून तारेची लांबी तेवढी जुळवून घ्यायची. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तीच जागा दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, नेकपासून लांब. उतरलेला असेल तर पुढे. जुन्या, मेलेल्या तारांवर हे करत बसू नका, आकडा जागेवर राहतच नाही.

इथे फोनवाल्यांसाठी एक गंमत. ट्यूनर अॅप मोकळ्या इ तारेवर गोंधळतं, कारण फोनचा माइकही खालच्या सुरांना कच्चा. बाराव्या फ्रेटचं हार्मोनिक वाजवा, ८२ हर्ट्झ मिळतील, अॅप लगेच पकडेल. किंवा डोक्याला चिमटा लावतात तो क्लिप ट्यूनर घ्या, तो लाकडाचा थरथराट वाचतो. मांडवात ढोल वाजत असताना तोच कामी येतो.

नवीन तारा लावताना एकच सांगतो: जादा तार कापायच्या आधी ती काटकोनात मोडा, मग मोडीच्या पुढे कापा. नाहीतर वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावरून सैल होतं आणि नवीकोरी तार मेल्यासारखी वाजते.

आता आपल्या हवामानाकडे येऊ, कारण इंटरनेटवरच्या व्हिडिओत हे कोणी सांगत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. ऑगस्टमध्ये तीच ऐंशीच्या वर. लाकूड ओलावा घेतं, फुगतं. सोडतं, आकसतं, आणि हे मुख्यतः रुंदीत होतं. म्हणून उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आकसतो पण फ्रेटची धातूची पट्टी आहे तेवढीच राहते, आणि नेकच्या कडेला फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात. वाद्य खराब झालेलं नाही, ते कोरडं पडलंय. पावसाळ्यात टोचणं बरंचसं कमी होतं, म्हणून मे महिन्यात घाईने कानस घेऊन बसू नका.

आणि कूलर! दिवसभर बंद खोलीत कोरडी भट्टी, संध्याकाळी कूलर सुरू की तासाभरात सगळं दमट. भिंतीवर शोभेला टांगलेला बेस कूलरच्या थेट झोतात असेल तर त्याची नेक रोज हा झोका खाते. बेस कूलरच्या वाऱ्यापासून लांब, बॅगेत, आतल्या भिंतीला ठेवा. बाहेरची पश्चिमेची भिंत नको, ती रात्री दहापर्यंत तापलेली असते. गाडीच्या डिकीत दुपारी तर अजिबातच नको.

मोसम बदलला की नेक कोणत्या बाजूला वाकेल? याचं एकच उत्तर नाही. फ्रेटबोर्डचं लाकूड कोणतं, पॉलिश कुठे आहे, रेषा कशा आहेत यावर ते जातं. म्हणून अंदाज न बांधता वर्षातून तीनदा मोजा: होळीनंतर, मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर आणि दिवाळीला. मापं फोनच्या नोट्समध्ये तारखेसकट लिहा. दोन वर्षांत तुमच्या बेसचा स्वभाव तुम्हाला पाठ होतो, आणि पाव फेऱ्यासाठी नागपूरची चक्कर वाचते.

आता सगळ्यात गंभीर भाग. हा ऐकताना झोपला असाल तर निदान वाचा.

बेसच्या तारा ब्रिजला, ब्रिज आतल्या वायरने जॅकला, जॅक केबलमधून अॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला, आणि सांगाडा थ्री-पिनच्या जाड पिनमधून अर्थिंगला जोडलेला असतो. म्हणजे तार धरली की तुम्ही अर्थिंगला हात लावलेला असतो. गावच्या मांडवात प्लग नसतो, दोन वायरी काडीपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचलेल्या असतात, अर्थिंगची वायर कुठे लोंबतेय कोणाला माहीत नसतं. अशा वेळी अॅम्पमध्ये करंट उतरला तर तो थेट तुमच्या तारांवर येतो. समोरचा माइक दुसऱ्या बोर्डावरून, त्याचं अर्थिंग वेगळं. बोटं तारेवर, ओठ माइकच्या जाळीला, आणि सर्किट पूर्ण. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वी स्टेजवरच असा गेला. माइकचं अर्थिंग नीट नव्हतं.

म्हणून अॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या. मांडवाच्या वायरमनला टेस्ट लॅम्पने अर्थिंग तपासायला सांगा, त्याच्यासाठी दोन मिनिटांचं काम आहे. शक्य असेल तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून सप्लाय घ्या. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर घाबरायचं कारण नाही, तसं होतंच. वाढली, किंवा बोटाला मुंग्या आल्या, तर हात काढा, मेन बंद करायला सांगा, आणि दुरुस्त होईपर्यंत वाजवू नका. आयोजक म्हणतील "भाऊ, एवढं काय होते!" म्हणू द्या. आणि गुणगुण घालवायला थ्री-पिनची जाड पिन काढून टाकायचा सल्ला जो देईल, त्याचा दुसरा कोणताही सल्ला ऐकू नका.

उरलं किरकोळ. वाजवून झालं की सुती फडक्याने तारा पुसा, खालच्या बाजूनेसुद्धा, आपल्याकडच्या घामाने महिन्यात तारा काळ्या पडतात. सेट महाग असतो, म्हणून मेलेल्या तारा काढून दहा मिनिटं पाण्यात उकळायची जुनी युक्ती आहे. चमक परत येते, थोडे दिवस टिकते, कोरड्या नीट करून मगच चढवा. पिकअप तारेच्या फार जवळ आणू नका, चुंबक तार ओढतं आणि सूर डळमळतो. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून दोन ते तीन मिलिमीटर अंतर ठेवा.

फ्लॅटवाउंड तारांबद्दल चार जणांनी विचारलंय, त्या एका सेटवर वर्षानुवर्षं चालतात, पण आवाज एकदम गोल आणि बुजरा होतो. भजन-गझलेला छान, स्लॅप वाजवायचं असेल तर राउंडवाउंडच. सुरुवातीला ४५ ते १०५ चा साधा निकेल सेट लावा. पुढच्या भागात बेस फोनला जोडून घरी रेकॉर्ड कसा करायचा ते बघू.